मामोची घरपाहणी

ब्रोनाला दूर दक्षिणेकडच्या कॉर्क शहरातल्या मोठ्या प्रसूतिगृहात मुख्य सुईणीची जागा मिळाली. तिने ही बातमी नवऱ्याला त्याच मिनिटाला सांगितली आणि सासूला सांगायला चार दिवस लावले. पाचव्या दिवशी धीर करून ती आणि फर्गल शेत ओलांडून पलीकडे गेले. मामो अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"मामो, तुमच्याशी जरा बोलायचं होतं," ब्रोनाने सुरुवात केली.

"बोल ना. कॉर्कबद्दलच असेल," मामो मान वर न करता म्हणाली. "सोमवारीच कळलं मला. तू दुकानात मोठी खोकी मागितलीस. एवढ्या खोक्यांत काय बटाटे भरणार होतीस?"

मामो म्हणजे फर्गलची आई, डेलिया गॉहन. नातवंडं तिला तिकडच्या बोलीत मामो, म्हणजे आजी, म्हणायची आणि हळूहळू सुनेच्याही तोंडी तेच बसलं. मेयो परगण्याच्या पश्चिम टोकाला, जिथे वाऱ्याने झाडंसुद्धा एकाच अंगाला कलली आहेत, अशा गावात आई आणि मुलाच्या घरांमध्ये फक्त एक शेत होतं. सहा वर्षांची नेसा आणि तीन वर्षांचा डारा दिवसातून दहा वेळा त्या शेतातून इकडून तिकडे करायचे. ब्रोनाची बारा-बारा तासांची पाळी आणि रोजचा अडीच तासांचा प्रवास. फर्गल जमिनीची मोजणी आणि नकाशे करणारा, त्यामुळे तोही दिवसभर कुठल्या तरी बांधावर उभा. मुलं खरी वाढली ती मामोच्या स्वयंपाकघरात.

"कॉर्क म्हणजे पाच तास," मामो म्हणाली.

"साडेचार," फर्गल म्हणाला.

"तू गाडी हाणलीस तर साडेचार. बसने आठ." तिने उरलेले दाणे एकदम भिरकावले. "घर बघायला कधी निघायचंय? मीही येते."

तिला कुणी बोलावलं नव्हतं. पण 'नको' म्हणायची हिंमतही कुणाला झाली नाही.

फर्गलने महिनाभर खपून एक तक्ता केला होता. कॉर्कच्या आसपासची सगळी उपनगरं उभ्या रांगेत; आडव्या रांगेत शाळा, बालवाडी, बाग, दवाखाना, बस. प्रत्येकाला दहापैकी गुण. शेवटी तीन घरं उरली. नेसाची दोन दिवस शाळा बुडवून एका गुरुवारी पहाटे सगळे निघाले. मामो मागच्या सीटवर दोन्ही मुलांच्या मध्ये, मांडीवर उकडलेल्या अंड्यांचा डबा घेऊन बसली.

पहिलं घर रॉचेसटाउनच्या चढावर, पन्नासपैकी त्रेचाळीस गुणांचं. मागे मोठी बाग, वरच्या खिडकीतून बंदर दिसायचं. ब्रोना तर जिन्यातच हरखून उभी राहिली. मामो मात्र आत आलीच नाही. वीस मिनिटांनी सगळे बाहेर आले तेव्हा ती फाटकाशी उभी होती.

"काय बघताय?" ब्रोनाने विचारलं.

"माणूस दिसतंय का ते. अकरा गाड्या गेल्या. एकीचीही काच खाली झाली नाही."

"लोक कामावर गेलेत, मामो."

"जावंच. पण या अख्ख्या रस्त्यावर आज साधा सर्दी झालेला माणूससुद्धा घरी दिसत नाही." तिने वर घराकडे पाहिलं. "घर देखणं आहे, नाही म्हणत नाही मी. पण नेसाने भांडायचं कुणाशी?"

दुसरं घर डग्लसमध्ये. दुकानं, वाचनालय, बस, सगळं हाकेच्या अंतरावर. घरांच्या मधोमध हिरवळीचा छान चौक. फर्गल खुशीत येऊन शिट्टी वाजवायला लागला. चौकाच्या कडेला एक पाटी होती. नेसा तेव्हा अक्षरं जुळवून वाचायला शिकत होती. मामोने तिला हात धरून पाटीपुढे उभं केलं.

"वाच बघू."

"चेंडू... खेळण्यास... मनाई... आहे." नेसाने वळून विचारलं, "मग इथे काय करायचं असतं?"

"गवताकडे बघायचं," मामो म्हणाली.

फर्गलला हसू फुटलं. ब्रोनाला आलं नाही.

"आणि एक विचारू का?" मामो पुढे बोलत राहिली. "लहान वर्गांची शाळा दीडला सुटते, मोठ्यांची अडीचला. तू घरी येणार सहाला, ही आठला. तेवढा वेळ पोरीने कुठे बसायचं?"

"शाळेनंतर सांभाळणाऱ्या संस्था असतात, आई. नाव नोंदवायचं, नंबर लागतो."

"कधी लागतो?"

फर्गल तक्ता चाळू लागला.

"तुझ्या तक्त्यात तो रकाना दिसला नाही मला," मामो म्हणाली आणि डाराचं नाक पुसायला वाकली.

संध्याकाळी उतरलेल्या खोलीवर त्यांनी तळलेले मासे आणि बटाट्याचे काप मागवले. मुलं जमिनीवर कागद पसरून जेवत होती. मामो म्हणाली, "माशाला आपल्याकडची चव नाही." एवढं निमित्त पुरलं.

"मामो," ब्रोना म्हणाली, "एकदा स्पष्टच बोला. सकाळपासून रस्ता नको, गवत नको, आता मासाही नको. आम्ही जाऊ नये असंच तुम्हाला वाटतंय ना?"

फर्गलने हातातला काप तसाच धरून ठेवला. मामोने मात्र सावकाश घास गिळला.

"वाटतंय तर. कुणाला वाटणार नाही?" ती म्हणाली. "पण त्याचा आणि घराचा काय संबंध?"

"मग तुम्हीच चला आमच्याबरोबर. मी आधीही विचारलं होतं, आताही विचारते."

"नाही गं. तिथे माझ्या कोंबड्या आहेत, चर्चमधलं रविवारचं गाणं आहे, याचा बाप तिथे निजलाय. दुकानात शिरले की चार जणं नावाने हाक मारतात. इथे मी नुसती कुणाची तरी आई होऊन खिडकीत बसेन." तिने तेलकट कागद गोळा केले. "खा आता. गार होतंय."

ब्रोनाचा राग गेला नाही, पण तो धरून ठेवायला जागाही उरली नाही. दुखऱ्या दाढेवर जीभ जावी तसं तिचं मन रात्रभर त्या बोलण्याकडे जात राहिलं.

शुक्रवारचं घर बॅलिनकॉलिगमध्ये. गुण फक्त एकोणतीस. तक्त्यात ते आलं होतं केवळ तिसरी ओळ रिकामी राहू नये म्हणून. जुन्या वस्तीतलं जोडघर; न्हाणीघराच्या फरशा शेवाळी हिरव्या, स्वयंपाकघर असं की दोघं समोरासमोर आले तर एकाने बाहेर जायचं. फर्गल भिंतीवर बोटांनी टकटक करत फिरत होता आणि प्रत्येक टकटकीला त्याचा चेहरा आणखी पडत होता. नेसा रिकाम्या खोलीत गोल गोल धावत होती.

"आई कुठे आहे?" त्याने विचारलं.

मामो नव्हती. डाराही नव्हता.

ब्रोना वैतागून बाहेर आली. समोर हिरवळ होती, जागोजागी पावलांनी उखडलेली, दोन कोट टाकून गोलपोस्ट केलेले, पोरं चेंडू लाथाडत होती. दीडची शाळा नुकतीच सुटलेली. पलीकडच्या नऊ नंबरच्या घराच्या भिंतीला एक लांब काठी टेकवलेली होती, वर गोल पाटी, शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्यांच्या हातात असते तशी. दार सताड उघडं. आतून मामोचा आवाज येत होता.

ब्रोना दारापर्यंत गेली आणि हाक मारणार तेवढ्यात थांबली.

"...हा भूक नाही म्हणतो. खोटं असतं ते. पावाच्या कडा आवडत नाहीत म्हणून सांगतो, पण त्या कापून बाजूला ठेवल्या की नंतर चोरून खातो. त्याच्याकडे बघायचं नाही, म्हणजे झालं. मोठीचं वेगळं. ती रडत नाही, गप्प होते. गप्प झाली की हातात काहीतरी काम द्यायचं, मटार सोल, मोजे जुळव. दहा मिनिटांत बोलायला लागते."

"अगं, तू घर बघायला आलीस की माझी परीक्षा घ्यायला?" दुसऱ्या बाईचा आवाज, कॉर्कचा हेल असलेला, वर चढून खाली येणारा.

"दोन्ही. इथे किती वर्षं आहेस?"

"चौतीस. आणि त्या घराचं विचारशील तर मागच्या खोलीत ओल येते. दर वेळी रंग मारून झाकतात. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस."

"सांगणार नाही. तुझी नातवंडं?"

"सहा. सगळी कॅनडात. फोनच्या काचेत बघते त्यांना, रविवारी." मग ती म्हणाली, "दीडची पोरं रस्त्यापार केली की अडीचच्या पोरांपर्यंत मी इथेच असते, त्यांना पोचवलं की पुन्हा संध्याकाळभर इथेच. दोघंतिघं येऊन बसलेलीच असतात. ज्यांच्या घरी कुणी नसतं ती. मी काही बोलावत नाही, तीच येतात. एक जास्त आलं म्हणून छप्पर पडणार नाही."

"आणि त्यांची आई," मामो म्हणाली.

ब्रोना दाराआड सरकली.

"ती सुईण आहे. कधीकधी फार वाईट दिवस पाहून येते. तेव्हा तिला 'काय झालं' असं विचारायचं नाही. चहा करून हातात द्यायचा आणि आपलं काम करत राहायचं. मग सांगते ती आपणहून. तिची आई दूर, ग्लासगोला मुलाकडे. इथे तिला कुणी नाही."

ब्रोना तशीच मागे फिरली. हिरवळीच्या कडेने चालताना तिच्या पायाशी चेंडू आला, तो तिने कसाबसा परत मारला. दोन दिवस तिला वाटत होतं की मामो आपल्या वाटेत काटे पेरत चालली आहे. आणि ही बाई तर घरोघर स्वतःची जागा घेणारं माणूस शोधत फिरत होती.

फर्गल फाटकात उभा होता. "चल, निघूया. वेळ वाया गेला."

"हेच घर," ब्रोना म्हणाली.

"एकोणतीस गुण आहेत गं याला!"

"हेच."

"मागच्या खोलीत ओल असणार, मी भिंत वाजवून पाहिली."

"आहे ओल. चौतीस वर्षांपासून आहे. हेच घर, फर्गल."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तक्त्याची घडी घालून खिशात ठेवली. थोड्या वेळाने मामो डाराला कडेवर घेऊन आली. तिच्यामागे पिवळ्या कोटातली ठेंगणी, जाड भिंगांच्या चष्म्याची बाई. "ही असम्प्टा ट्वोमी," मामोने ओळख करून दिली, जणू शाळेपासूनची मैत्रीण. "घर अगदीच काही हे नाही. पण तुमचं तुम्ही ठरवा. मी मध्ये बोलणार नाही."

परतीच्या वाटेवर लिमरिकच्या पुढे गाडी पेट्रोलला थांबली. मुलं झोपली होती. ब्रोनाने दोन कप चहा आणला, एक न बोलता मामोच्या हातात दिला आणि स्वतः मागच्या सीटवर तिच्याशेजारी दाटीवाटीने बसली. काही विचारलं नाही. फर्गल पैसे द्यायला आत गेला होता.

अर्धा कप संपल्यावर मामो म्हणाली, "सकाळी ती दोघं शेतातून धावत यायची ना, तेव्हा दार लोटलेलं असायचं माझं. कडी घालून ठेवली तर डाराचा हात पोचत नाही." तिने कपावर दोन्ही हात धरले. "आता घालावी लागेल कडी. वाऱ्याने उघडतं ते."

ब्रोनाने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. मामोने ते टेकू दिलं.

ऑगस्टमध्ये सामान गेलं. मामो नऊ दिवस राहिली, स्वयंपाकघरातली कपाटं स्वतःच्या मनाप्रमाणे लावली आणि दहाव्या दिवशी बसने परत गेली. पहिल्याच पावसात मागच्या खोलीत ओल आली. फर्गलने भिंत खरवडली, पुन्हा रंगवली, तरीही ती आलीच. नेसाला पहिल्याच आठवड्यात भांडायला एक मैत्रीण मिळाली. दीड वाजता ती असम्प्टाकडे जायची, आणि बालवाडी सुटली की डाराही तिथेच. दर बुधवारी असम्प्टा मामोला फोन करायची. काय बोलतात ते कुणाला कधी कळलं नाही, पण डाराला खोकला झाला की मेयोहून मधाची बाटली यायची, ब्रोनाने कुणाला काही सांगायच्या आत.

ऑक्टोबर अखेरच्या सुटीत मामो आली, आठ तास बसमध्ये बसून, मांडीवर अंड्यांचा डबा सांभाळत. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आणि ब्रोना खिडकीशी बसून मनुकांचा पाव खात होत्या. बाहेर डारा तीन चाकांची गाडी पायाने रेटत हिरवळीच्या वाटेवरून सुसाट येत होता. वळणावर गाडी उलटली आणि तो गुडघ्यांवर आपटला.

मामो खुर्चीतून अर्धी उठली. हात आपोआप पुढे झाले.

डारा उठला, तोंड उघडून भोकाड पसरलं आणि धावत सुटला. आपल्या फाटकावरून सरळ पुढे. नऊ नंबरच्या दाराशी जाऊन त्याने दोन्ही मुठींनी दार बडवलं. असम्प्टा चष्मा सावरत बाहेर आली आणि त्याला मांडीवर घेऊन पायरीवर बसली.

मामोचे हात तसेच होते. मग तिने ते खाली घेतले. ब्रोनाने पावाची ताटली तिच्यापुढे सरकवली.

"बघ, बघ," मामो एकदम म्हणाली. "न धुताच पट्टी लावतेय ती! आत माती राहील की."

"मामो, तिला कळतं..."

"काय कळतं? दुनियेची पोरं रस्त्यापार केली म्हणून काय झालं?" तिने खुंटीवरचा कोट ओढला, उलटाच अंगावर घेतला आणि तरातरा हिरवळ ओलांडून गेली.

ब्रोना खिडकीतून पाहत राहिली. मामो पायरीशी उभी राहून गुडघ्याकडे बोट दाखवत होती. असम्प्टा मान हलवत होती, मग हात हलवायला लागली. डारा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत रडायचं विसरला. शेवटी असम्प्टा फणकाऱ्याने आत गेली आणि पाण्याचं भांडं घेऊन आली.

मामो परतली तेव्हा अंधारून आलं होतं आणि ब्रोनाने तिच्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं.

"महा हट्टी बाई आहे," मामो कोट काढत म्हणाली. तिच्या तोंडावर समाधान मावत नव्हतं. "उद्या सकाळी पुन्हा जाते. सांगून आलेय तिला."