बेचव पाण्याचं गाव

“झालं तुमचं काम. बोलले मी साहेबांशी,” पानात भाजी वाढता वाढता बायको म्हणाली. “ती नदीकाठची फिरती आता तुमच्याकडे नाही. दुसऱ्या कुणाला तरी पाठवणारेत.”

काटेवाल्यांचा घास हातातच राहिला.

“तू? साहेबांशी?”

“त्यांची मिसेस भेटली दवाखान्यात. तिच्याकडून नंबर घेतला न् सरळ फोन लावला. म्हटलं, एवढी वर्षं सोसलं माणसानं, आता निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत, तेवढे तरी घरच्या गादीवर झोपू द्या. चांगला माणूस आहे हो. म्हणाला, वहिनी, हे आधी का नाही सांगितलंत? यावेळची तेवढी एक फेरी त्यांना करून येऊ द्या, म्हणाला.”

नवऱ्यासाठी काहीतरी केल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं. काटेवाले “बरं केलंस” म्हणाले आणि भाजीत मीठ आहे की नाही हे न कळता जेवले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

काटेवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. मालाने भरलेला अख्खा ट्रक ज्यावर उभा करून तोलतात, तसले मोठाले वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीत ते तंत्रज्ञ होते. हे काटे गावोगावच्या गोदामांत, गिरण्यांत बसवलेले असतात आणि ते अजून खरं बोलतात की नाही, हे अधूनमधून कुणीतरी जाऊन पाहावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे काटेवाले. बहुतेक ठिकाणी ते सकाळी जाऊन संध्याकाळी परत येत. एकच शहर लांब होतं. नदीकाठच्या मालधक्क्यावर काटा, रेल्वेचा लांबचा प्रवास आणि दोन दिवसांचा मुक्काम.

आणि हे शहर काटेवाल्यांना मनापासून आवडायचं.

त्यात पाहण्यासारखं फार काही होतं असं नाही. पर्यटक तिकडे फिरकत नसत. पण स्टेशनातून बाहेर पडून दगडी पायऱ्यांच्या उतरत्या गल्लीला लागलं की काटेवाल्यांची चाल बदलायची. तिथे ते कुणाचे मुलगे नव्हते, कुणाचे हाताखालचे नव्हते. तिसऱ्या मजल्यावरच्या लॉजमध्ये त्यांची खिडकीची खोली ठरलेली होती आणि खिडकीत नदी होती. हे शहर त्यांना हप्त्याहप्त्याने भेटायचं, आणि त्यातच त्यांना गंमत वाटायची. मागल्या खेपेला पहिल्या मजल्याशी असलेला वेल या खेपेला दुसऱ्या मजल्याच्या गजांना धरून असायचा. पावाच्या दुकानात आईच्या मांडीवर असणारी पोर एक दिवस गल्ल्यावर बसून सुटे पैसे मागायला लागली. रोज राहणाऱ्याला हे दिसत नाही, एकदाच येणाऱ्याला तर मुळीच नाही. ते फक्त परत परत येणाऱ्याला दिसतं, असं काटेवाल्यांचं मत होतं. हे मत त्यांनी घरी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

घरी त्यांनी वेगळंच सांगितलं होतं.

पहिल्यांदा तिथून परतले तेव्हा ते दारातूनच बोलत आले होते. अगं काय नदी आहे, काय पूल आहे, संध्याकाळी बोटीत बसलं की… बायको न्हाणीघरात ओल्या चादरी पिळत होती. काटेवाल्यांच्या आई तेव्हा नुकत्याच अंथरुणाला खिळल्या होत्या. बायकोने मान वर केली नाही. “हो का,” एवढंच म्हणाली आणि दुसरी चादर घेतली. मग ती काहीच बोलली नाही. काटेवाल्यांची बोट तिथेच थांबली. ही बाई कित्येक महिने कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेलेली नाही आणि आपण हिला नदी सांगतोय, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या खेपेला तिने विचारलं, “कसं झालं?”

“कसलं काय. पाणी बेचव, खाट टोचते, रात्रभर कुत्री.”

बायको चुकचुकली. पाय शेकायला गरम पाणी आणून दिलं. आतल्या खोलीतून आई म्हणाल्या, “माझं लेकरू किती वणवण करतं गं.” काटेवाल्यांनी पाय पाण्यात सोडले आणि ठरवलं, हेच बरं. मग त्यात त्यांचा हातखंडाच झाला. एका खेपेला ढेकूण निघाले, एका खेपेला छत गळलं, एका खेपेला लॉजच्या मालकीणबाई तिरसट निघाल्या. वर्षामागून वर्षं गेली. मागल्या वर्षी आई गेल्या. आता खरं सांगायला हरकत नव्हती, पण इतकी वर्षं बेचव ठरवलेल्या पाण्यात एकदम साखर कुठून घालायची? त्यामुळे पाणी बेचवच राहिलं, आणि त्याचं फळ आज ताटात पडलं होतं.

“शेवटचीच फेरी आहे ना,” ताट उचलताना बायको म्हणाली, “मीपण येते.”

“तू? अगं, खाट टोचते.”

“टोचू दे. दोघांना वाटून टोचेल.”

लढाईला निघालेल्या माणसाने करावी तशी तिने तयारी केली. घरची जाड चादर, ढेकणांची पावडर आणि बेचव पाण्यावर उतारा म्हणून घरच्या पाण्याच्या चार बाटल्या. धाकट्या बहिणीला फोनवर सांगून झालं. या बहिणीचा नवरा दोन वर्षं अर्धांगाने पडून होता आणि रोज संध्याकाळी तिचा ताईला फोन असायचा, तेवढीच तिची करमणूक. “जाऊन येते गं. बघू तरी दे, हे एवढी वर्षं कुठल्या नरकात जात होते,” बायको म्हणाली. शेजारी बसलेले काटेवाले पेपरात तोंड घालून होते.

लॉजच्या दारात मालकीणबाई उभ्याच होत्या. त्यांनी काटेवाल्यांकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ बायकोचा हात धरला.

“आणलंत एकदाचं यांना. दर वेळी म्हणतात, पुढच्या खेपेला घेऊन येतो. तुमच्या सासूबाई गेल्याचं कळलं हो. फार केलंत तुम्ही त्यांचं. हे सांगायचे ना. आणि गुडघा कसाय आता?”

“बराय,” बायको म्हणाली. जिना चढताना ती हळूच वळली. “या त्या तिरसट का?”

काटेवाले पायऱ्या बघून चढत होते.

खोलीत आल्यावर तिने खिडकी उघडली. बराच वेळ बाहेर पाहिलं. मग खाटेवर बसली, तळहाताने गादी दाबली, आडवी झाली, कूस बदलून पाहिली. उठून तिने तिथल्या तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि सावकाश प्यायली. काटेवाले पिशवीतली हत्यारं विनाकारण मोजत राहिले. घरच्या बाटल्या पिशवीतच राहिल्या.

दुपारी मालधक्क्यावर ती काट्याच्या केबिनमध्ये बसून त्यांचं काम पाहत होती. काटेवाले माहितीच्या वजनाचे लोखंडी ठोकळे काट्याच्या एका कोपऱ्यावर ठेववून घेत, आकडा पाहत, मग दुसऱ्या कोपऱ्यावर. चारही कोपऱ्यांनी एकच आकडा सांगितला पाहिजे. एक कोपरा जरा वेगळं बोलत होता. काटेवाले खाली वाकून, आत हात घालून त्याला समजावत बसले.

“वहिनी, चहा घ्या,” काट्यावरचा कारकून म्हणाला. “यांना आज उशीर होईलसं दिसतंय. नाहीतर एरवी काम संपलं की हे हात धुतात, केस विंचरतात, आणि निघाले बोटीवर. आम्ही चिडवतो, काटेवाले, कुणी वाट बघतंय का तिकडं?”

“केस विंचरतात?” बायको म्हणाली. घरी ती त्यांच्या मागे कंगवा घेऊन फिरे, तेव्हा कुठे भांग पडायचा.

तो अडलेला कोपरा संध्याकाळी वळणावर आला. काटेवाल्यांनी हात धुतले. कंगवा खिशातून अर्धा काढला आणि बायको बघतेय हे पाहून परत आत ठेवला.

“विंचरा की,” ती म्हणाली. “माझं काय जातं?”

बोट म्हणजे या काठावरून त्या काठाला माणसं नेणारी साधी प्रवासी बोट. बोटवाल्याने काटेवाल्यांना कुठे जायचं हे कधीच विचारलं नव्हतं, कारण त्यांना कुठेच जायचं नसे. ते मागच्या बाकावर बसत, पलीकडे जाऊन न उतरताच परत येत, पुन्हा जात. आज त्याने बायकोकडे पाहिलं आणि चेहरा उजळला.

“याच का त्या? लग्नाआधी नदी पोहून पार करायच्या त्या?”

बायकोचा एक पाय बोटीत आणि एक पायरीवरच राहिला. नदी पोहायची गोष्ट तिने काटेवाल्यांना लग्नानंतर कधीतरी एकदा सांगितली होती. त्यानंतर घरात त्या गोष्टीचं नाव निघालं नव्हतं. ती स्वतःच ते विसरत आली होती. आणि इथे बोटवाल्याला ते ठाऊक होतं. या गावाला तिचं सगळं माहीत होतं, आणि तिला या गावाचं ढेकणांपलीकडे काही माहीत नव्हतं.

बोट सुटली. पाण्यावर उन्हं उतरली होती. पुलाखालून जाताना वरच्या गाड्यांचा घरघराट झाला आणि मागे पडला.

“पाणी चांगलंय की इथलं,” ती म्हणाली.

“हं.”

“खाटही काही टोचत नाही.”

काटेवाल्यांनी नदीकडे पाहत सांगितलं, “तू चादरी पिळत होतीस. मी पहिल्यांदा सांगायला आलो तेव्हा. तू एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, हिला घरात डांबून आपण मजा मारून आलो, वर हिलाच ऐकवतोय. मग मला नाही सांगवलं.”

ती बोलली तेव्हा तिचा आवाज चिरकत होता.

“हात अडकले होते माझे. कान रिकामेच होते ना? मी पिळता पिळता ऐकत होते. तुम्ही बोटीशी येऊन थांबलात. मला वाटलं दमलेत, रात्री सांगतील. रात्री नाही सांगितलंत. पुढच्या वेळी विचारलं तर खाट टोचते.” तिने पदराने नाक पुसलं. “एवढी वर्षं मी या नदीवर आले असते, बसल्या जागेवरून. तेवढं तरी मिळालं असतं मला. त्याऐवजी मी तुमची कीव करत बसले. पाय शेकून दिले तुमचे. माझी कीव परत द्या मला.”

काटेवाल्यांना रडू येईलसं वाटलं. त्यांनी तिचा हात धरायला हात पुढे केला आणि बाकावर ठेवला. ती ‘चुकलो म्हणा’ म्हणाली असती तर त्यांनी शंभरदा म्हटलं असतं. पण ती काही मागत नव्हती.

पलीकडचा काठ आला. माणसं उतरली, दुसरी चढली. हे दोघं बसून राहिले.

“आणि मीच घालवलं तुमचं हे गाव,” ती थोड्या वेळाने म्हणाली. “परत लावू का फोन साहेबांना?”

“नको. दुसऱ्याला दिलं काम. त्यालाही आवडेल गाव.”

“मग आपण येऊ. पाहुणे म्हणून.”

“येऊ की,” काटेवाले म्हणाले. पण मनातून त्यांना माहीत होतं, ते वेगळं असेल. दिवसभर खाली वाकून काम करावं, हात धुवावे आणि मग कुणालाही द्यायची नाही अशी एक संध्याकाळ हाती लागावी, हीच त्यांची सगळी चैन होती. सकाळपासून रिकामं बसून त्या संध्याकाळची वाट कशी पाहायची, हे त्यांना येत नव्हतं. ती बहुधा ओळखून होती, कारण तिने पुन्हा काही विचारलं नाही.

एवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. बहीण होती.

“पोचलीस का गं ताई? कसं आहे?” बहिणीचा आवाज काटेवाल्यांनाही ऐकू येत होता. मागून तिच्या नवऱ्याच्या कण्हण्याचा आवाज येत होता. “थांब हं, यांची चादर ओली झालीय, तेवढी ओढते. हां, बोल. कसंय गाव?”

बायकोने समोरच्या नदीकडे पाहिलं. तोंड उघडलं. मिटलं.

“कसलं काय गं,” ती म्हणाली. “पाणी बेचव. खाट टोचते.”

“अगं बाई. बरं, जप मग. ठेवते, दोन चादरी पिळायच्यात.”

फोन बंद झाला. ती फोन मांडीवर ठेवून बसली. काटेवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. कसं तोंडातून निघून जातं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

बोट पुन्हा पुलाखाली आली. तिने फोन उचलला आणि परत लावला.

“अगं मी. खोटं बोलले मघाशी. फोन बाजूला ठेव, आवाज मोठा कर. पीळ तू, पिळणं थांबवू नको.” ती सावरून बसली. “इथं एक नदी आहे. मोठी. आम्ही बोटीत बसलोय. बोट या काठावरून निघते ना, तिथं पायऱ्या आहेत, काळ्या दगडाच्या, पार पाण्यात उतरतात. वरच्या गल्लीत एक वेल आहे…”

“दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलाय,” काटेवाले हळूच म्हणाले.

“दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलाय,” तिने फोनमध्ये सांगितलं.

ती सांगत राहिली. पूल सांगितला, उन्हं सांगितली, तिरसट नसलेल्या मालकीणबाई सांगितल्या. पलीकडून ना हं, ना हूं. फक्त बादलीत पाणी निथळल्याचा आवाज. काटेवाल्यांना तो आवाज ओळखीचा होता.

“गप्प आहे ती,” ते कुजबुजले. “राहू दे आता.”

बायकोने फोनवर हात धरला.

“ऐकतेय,” ती म्हणाली, आणि हात काढून पुढे सांगू लागली. काठ आला. बोटवाल्याने या दोघांकडे पाहिलं, दोर सोडला आणि बोट पुन्हा पलीकडे वळवली.