पाळकसाहेबांच्या विसरण्याचं वर्ष

वर्षाच्या पहिल्या रविवारी, चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी, पाळकसाहेबांनी भाकर मोडली, आशीर्वाद मागितला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तीच वाक्यं, तसाच वर केलेला हात. दुसऱ्यांदा मोडायला अख्खी भाकर उरली नव्हती, म्हणून ते हातातल्या तुकड्याकडे नुसते बघत राहिले. टाचणीबाई पहिल्या बाकावरून उठल्या, पेल्यांचं तबक त्यांच्या हातात दिलं आणि ऑर्गनवाल्या बाईंना डोळ्यांनी खुणावलं. गीत सुरू झालं. मागच्या बाकांना वाटलं, नव्या वर्षाची काही नवी पद्धत असेल.

टाचणीबाईंचं शिवणकामाचं दुकान होतं. कॉलरला कायम चार टाचण्या खोचलेल्या, उपासनेलासुद्धा. म्हणून हे नाव. त्या मंडळीत, म्हणजे त्या चर्चच्या माणसांत, वरून कुणी बिशप येऊन हुकूम सोडत नसे. मंडळीनं निवडून दिलेले सात वडील आणि पाळक मिळून कारभार बघत, आणि वडील व्हायला बाईमाणसालाही मज्जाव नव्हता. टाचणीबाई वडील होत्या, वर बावीस वर्षं वडीलमंडळाच्या चिटणीस. त्यांचा नवरा होता तोवर सगळ्यांना सांगायचा, "घरात मी हिचा नवरा, चर्चमध्ये ही माझी वडील. दोन्हीकडे ऐकायचं मीच."

त्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारात पाळकसाहेब अकरा दिवस उशाशी बसून होते. इथल्या एकोणतीस वर्षांत त्यांनी असे दिवस कुणाकुणापाशी बसून काढले होते. त्यांचे उपदेश काही फार भारी नसत; लोक खुशाल डुलक्या काढत. पण त्यांना सांगितलेली गोष्ट त्यांच्या पोटातच राही. बायकोलाही कळत नसे. त्यामुळे अख्खी मंडळी आपापली ओझी त्यांच्याकडे ठेवून हलकी होऊन घरी जाई.

सोमवारी पाळकीणबाई दुकानात आल्या. शिवायचं काहीच आणलं नव्हतं.

"डॉक्टरांना दाखवलं," त्या म्हणाल्या. "आता वाढतच जाणार म्हणे. डिसेंबरात तीस वर्षं पुरी होतात गं. मानानं उतरू दे त्यांना. एवढं एक वर्ष काढून दे."

टाचणीबाईंनी विचार करायला वेळसुद्धा मागितला नाही. "काढू," म्हणाल्या.

आणि काढायला लागल्या. जुन्या उपदेशांच्या वह्या बाहेर निघाल्या. पाळकीणबाई ते मोठ्या अक्षरांत उतरवून देत. टाचणीबाई समोर बसून पुस्तकावर बोट फिरवत. पाळकसाहेब अडखळले की बोट थांबे, बाई नुसत्या ओठांनी पुढचा शब्द सांगत, मग त्यांना ओळ सापडे. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाचं नाव चिठ्ठीवर, चिठ्ठी घंगाळाच्या काठाला चिकटवलेली. घरभेटींना टाचणीबाई "मलाही तिकडेच जायचंय" म्हणून सोबत जात आणि दारातच मोठ्यानं बोलत, "बघा, कोण आलंय! आणि तुमच्या सुनेची तब्येत कशी आहे आता?" म्हणजे पाळकसाहेबांना समजे, हे सुनेचं घर. सारवासारव इतकी अंगवळणी पडली की टाचणीबाईंना कधीकधी तिचा अभिमानच वाटे.

एप्रिलमध्ये वार्षिक सभा झाली. वडीलमंडळात एक घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ होते, घड्याळदादा. बोलत कमी, आणि बोलले तर नेमकं दुखऱ्या जागेवर. ते उभे राहिले.

"पाळकसाहेबांना बरं नाही का? गेल्या महिन्यात त्यांनी मला दोनदा विचारलं, मी काय काम करतो. वीस वर्षं माझ्याकडून घड्याळ दुरुस्त करून घेतायत."

पाळकीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. टाचणीबाई उठल्या.

"दादा, तुमच्या दुकानातून घड्याळ परत मिळायला सहा महिने लागतात. तोवर माणूस विसरणारच."

सभा खो खो हसली. घड्याळदादाही कसंनुसं हसून खाली बसले. टाचणीबाईंनी इतिवृत्तात लिहिलं, 'पाळकांच्या प्रकृतीविषयी विचारणा झाली. चिंतेचं कारण नाही.' लिहिताना हात जरा थबकला. पण थबकला तेवढाच.

एक गोष्ट त्यांनी सुरक्षित समजून सोडून दिली होती. प्रार्थना. या मंडळीत प्रार्थना पुस्तकातून वाचत नसत. पाळक डोळे मिटून मनातून करत. ती लिहून द्यायचा प्रश्नच नव्हता. आणि गंमत म्हणजे, बाकी सगळं विस्कटत चाललं तरी पाळकसाहेबांची प्रार्थना अजून झऱ्यासारखी वाहत होती. टाचणीबाई तेवढ्या वेळात पुस्तकावरचं बोट काढून हात मांडीवर ठेवत. तेवढीच विश्रांती.

चौथ्या बाकावर एक दीर-भावजय बसत. दीर रंगारी होता. तो अकरा वर्षांचा असताना आई गेली. तेव्हापासून वहिनीनंच त्याला वाढवलं. दोघे भाऊ मिळून इमारती रंगवत. तीन वर्षांपूर्वी थोरला एका शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरून परांचीसकट खाली आला आणि जागच्या जागी गेला. तेव्हापासून रंगारी वहिनीला कुठे ठेवू नि कुठे नको असं करी. तिच्या घराला दर वर्षी नवा रंग. वहिनी म्हणे, "अरे, भिंती जाड होऊन खोली लहान होत चाललीय." त्याच्या लग्नाचा विषय काढला की तो उठून जाई.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. आजाऱ्यांसाठी मागितलं, प्रवाशांसाठी मागितलं. मग त्याच मऊ आवाजात म्हणाले,

"आणि प्रभो, आमच्या रंगाऱ्याला शांती दे. त्या सकाळी परांचीची गाठ बांधायचं काम त्याचं होतं. बांधतो म्हणाला आणि सिगारेट ओढायला खाली उतरला. भाऊ त्याच्या भरवशावर वर चढला. वहिनीला हे सांगायची त्याला छाती होत नाही. तू त्याच्या..."

टाचणीबाईंनी डोळे उघडले. उठून काहीतरी पाडावं, खोकावं, ओरडावं, असं मनात आलं. पण तोवर सांगायचं ते सांगून झालं होतं.

वहिनीनं मान वळवली. आवाज अगदी साधा, घरात विचारावं तसा. "खरंय?"

रंगाऱ्यानं होकारार्थी मान हलवली. तिनं गीताचं पुस्तक मिटलं, पिशवीत ठेवलं आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेली. रंगारी बसून राहिला. मग बाजूच्या दारानं निघून गेला. पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं आणि सगळ्यांकडे बघून प्रेमानं हसले.

मंगळवारी वडीलमंडळ बसलं. टाचणीबाईंनी जानेवारीपासूनचं सगळं सांगितलं. वह्या, बोट, चिठ्ठ्या, काही लपवून ठेवलं नाही. कुणीतरी रागावेल म्हणून मन घट्ट केलं होतं. घड्याळदादा एवढंच म्हणाले, "बाई, मी एप्रिलमध्ये विचारलं होतं." आणि चष्मा काढून पुसत बसले. टाचणीबाईंनी चिटणीसपद सोडलं. आसपासच्या मंडळ्यांची जी वरची सभा, तिच्याकडे पत्र गेलं की पाळकांना जबाबदारीतून मोकळं करावं.

पाळकसाहेबांना सांगायला त्या आणि घड्याळदादा गेले. पाळकसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "लोकांनी विश्वासानं सांगितलेलं ज्याच्या तोंडून निसटतं, त्यानं त्या जागेवर राहू नये." टाचणीबाईंच्या जिवात जरा जीव आला. मग ते हळूच पुढे वाकून म्हणाले, "पण हे तुम्ही कुठल्या पाळकांबद्दल बोलताय? मला ओळखीचे आहेत का?"

पाळकीणबाई दारापर्यंत आल्या. "एक वर्ष काढून देणार होतीस तू," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. चर्चचं घर रिकामं करून ती दोघं ऑक्टोबरात लेकीकडे राहायला गेली. निरोपाला चौदाच माणसं होती. पाळकसाहेबांनी चौदाही जणांना आशीर्वाद दिला, ड्रायव्हरलासुद्धा.

बाकीचे आले नाहीत, कारण मंडळी भ्यायली होती. एकोणतीस वर्षांत कुणी काय काय सांगून ठेवलं होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. काही घरं एकाएकी यायची बंद झाली. नवराबायको एकमेकांकडे संशयानं बघू लागले, याला कसली धास्ती वाटतेय म्हणून. दुकानात एक बाई झंपराचं माप देता देता कुजबुजली, "पाळकसाहेब आणखी कुणाबद्दल काही बोलले का हो?" उपासनेला शंभरावर माणसं असायची, ती साठावर आली. वडील आळीपाळीनं शास्त्रवाचन करत आणि प्रार्थना कागदावर लिहून आणत. कुणी तक्रार केली नाही.

टाचणीबाई वहिनीकडे दोनदा गेल्या. पहिल्यांदा दार उघडलंच नाही. दुसऱ्यांदा वहिनीनं उंबऱ्यातच उभं केलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"गाठीचं नव्हतं माहीत. पाळकसाहेबांच्या डोक्याचं होतं."

"म्हणजे भांडं फुटकं आहे हे माहीत असून तुम्ही आम्हाला त्यात ओतू दिलंत."

वहिनी पुढे बोलली.

"तो मला सांगणार होता, बाई. आज नाही तर दहा वर्षांनी. मी त्याला ओळखते. चुकला की आधी चार दिवस माझ्या मागे मागे फिरायचा, मग सांगायचा. लहानपणापासून तसाच. ते त्याचं सांगणं होतं. आता त्यानं येऊन पायावर डोकं ठेवलं तरी मला वाटणार, उघडं पडलं म्हणून आला. तुम्ही नवरा नाही नेलात माझा. पण हे नेलंत."

टाचणीबाई घरी आल्या आणि तीन दिवस मशीनला हात लावू शकल्या नाहीत.

रंगारी त्यांना नोव्हेंबरात दिसला, एका दवाखान्याच्या व्हरांड्यात, खिडकीच्या चौकटी घासत. दाढी वाढलेली. "बंदरावर जातोय," तो म्हणाला. "जहाजं रंगवायचं काम आहे. दोन वर्षांचा करार." टाचणीबाईंनी माफी मागितली. तो घासतच राहिला. "तीन वर्षं मी देवाजवळ मागायचो, की हे वहिनीला कुणीतरी सांगून टाकावं. दुसऱ्या कुणी सांगितलं तर बरं, असं वाटायचं. तुमच्यावर कशाला रागावू?" मग चौकटीवरची धूळ झटकून म्हणाला, "ती जेवते का नीट? एवढं बघाल?"

डिसेंबरात परगावचे पाळक येऊन प्रभुभोजन देऊन गेले. तीस वर्षं पुरी झाल्याची तारीख एका बुधवारी आली आणि गेली. वहिनी पुन्हा येऊ लागली होती, पण चौथ्या बाकावर बसत नसे. खांबामागे एकटी बसे आणि शेवटच्या गीताआधी उठून जाई.

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी, ती दुकानात आली. कागदात गुंडाळलेला लोकरीचा कोट तिनं टेबलावर ठेवला. जुना, पण जपलेला. टाचणीबाईंनी ओळखला, वीस वर्षांपूर्वी त्यांनीच शिवला होता, थोरल्यासाठी.

"आत घ्यायचाय," वहिनी म्हणाली. "तो परवा निघतोय. बंदरावर वारा फार असतो."

टाचणीबाई काही बोलायच्या आत तिनं हात वर केला. "माफ केलं असं समजू नका. त्यालाही नाही आणि तुम्हालाही नाही. ते होईल तेव्हा होईल, नाहीतर नाही होणार. पण थंडीनं आजारी पडला तर तिथे त्याचं बघायला कोण आहे?"

"माप?" टाचणीबाईंनी विचारलं. "तो येईल का द्यायला?"

"छाती अडतीस. बाही साडेतेवीस. खांदे एका बाजूला उतरलेत, उजव्या, ब्रशनं. मला पाठ आहे सगळं."

टाचणीबाईंनी कोट उलटा केला आणि खडूनं खुणा केल्या. कॉलरवरची एक टाचणी काढली, मग दुसरी. वहिनीनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं.

"आज होईल?"

"संध्याकाळपर्यंत. निरोप पाठवते."

"नको. बसते मी," वहिनी म्हणाली, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली. टाचणीबाईंनी उजवी बाही उसवायला घेतली.