दाराला लावलेला रॉड

"काका, भायेरच काहून उभे राह्यले? या ना अंदर," ज्योत्स्नाने गेटची कडी काढत म्हटलं. तेजरामच्या एका हातात औजारांची पिशवी होती आणि दुसऱ्या हाताने त्याने मोटारसायकलचं हँडल घट्ट धरलं होतं. गाडी स्टँडवर होती, ती काही पडणार नव्हती. हँडल धरलं होतं ते स्वतःला सावरायला.

बालाघाटहून निघताना दुकानाच्या मालकाने, प्रेमलालने, चिठ्ठीवर एवढंच लिहून दिलं होतं: वीरेंद्र, कटंगीच्या पुढे, राइस मिलच्या मागे, नेटची लाइन टाकायची. वीरेंद्र नावाची माणसं काय कमी आहेत? मिलला वळसा घालून मोहाचं झाड दिसेपर्यंत तेजरामच्या डोक्यात काही आलं नव्हतं. झाड तेच होतं. घरावर कौलांऐवजी स्लॅब आला होता, भिंतींना पिवळा रंग आला होता, पण झाडाजवळची विहीर तीच होती आणि परछीत, पुढच्या ओसरीवर, तांदूळ निवडत बसलेली बाईही तीच होती. तिचे केस पिकले होते, एवढाच फरक. बावीस वर्षं ज्या घराच्या वाटेला तो चुकूनही गेला नव्हता, त्या घराने त्याला आपणहून बोलावून घेतलं होतं.

गाडी बिघडली म्हणावं आणि परत फिरावं, असं त्याला वाटलं. पण तोवर ज्योत्स्नाने त्याच्या हातातली पिशवी घेतलीसुद्धा.

"कोन्या गावचे, भाऊ?" शेवंताबाईंनी सुपातून डोकं न उचलता विचारलं.

"बालाघाटचा."

आता त्यांनी वर पाहिलं. "तुमाले कुठंतरी पाह्यल्यावानी वाटते."

"माहं तोंडच तसं हाय, बाई. सगळ्यायलेच वाटते." तेजराम हसला. पूर्वी तो या घरी आला होता तेव्हा त्याच्या डोक्यावर दाट केस होते आणि मिशी होती. टक्कल पडल्याचा आनंद त्याला आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

ज्योत्स्ना ही शेवंताबाईंची सून. नवरा वीरेंद्र तुमसरला नोकरीला, सकाळच्या बसने जायचा, दिवेलागणीला यायचा. ती घरी बसून नागपूरच्या एका कंपनीसाठी व्हिडिओ कापायची, जोडायची. तिची कामाची खोली अंगणापलीकडे होती, गुरांच्या कोठ्याच्याही पुढे. नेट मात्र पुढच्या घरात, तिच्या खोलीपर्यंत ते अडखळतच पोचायचं. आता तिने नवीन राउटर मागवला होता आणि लहान मुलाला खाऊ दाखवावा तसा तो ती तेजरामला दाखवत होती.

"हे पाहा काका, हा जो बडावाला पोर्ट हाय ना, याच्यात फायबर बी लागते न कॉपर बी लागते, म्हणे. मी कॉपरचा बंडल मागवून ठेवला. पर तुमी सांगा, कोनतं लावू? बाद में पछताना नको."

खरं तर हा प्रश्नच नव्हता. दोन इमारती, मध्ये चाळीस मीटर उघडं अंगण. फायबर म्हणजे काच, तिच्यातून नुसता उजेड जातो, करंट जात नाही. तांब्याची तार घरातल्या घरात उत्तम, पण उघड्यावर टांगली की आभाळ जे देईल ते ती सरळ खोलीत आणून सोडते. लालबर्ऱ्यात, बैहरला, जिथे जाईल तिथे तेजराम लोकांना हे समजावून सांगायचा, आणि कोणी ऐकलं नाही तर काम सोडून निघून यायचा. दुकानात त्याला त्यावरून चिडवायचे. पण इथे फायबर म्हटलं की का तेही सांगावं लागणार, आणि ते ऐकल्यावर परछीतली बाई तांदूळ निवडायची थांबणार. मग ती मागचं विचारणार.

"कॉपर चालते," तेजराम म्हणाला, आणि म्हणता क्षणी त्याला स्वतःची किळस आली.

बावीस वर्षांपूर्वी तो सत्तावीस वर्षांचा होता आणि एका ठेकेदाराकडे रोजंदारीवर टेलिफोनच्या तारा ओढायचा. या घरात गावातला तिसरा फोन लागणार होता. घरमालक, शेवंताबाईंचे यजमान भैयालाल, दिवसभर त्याच्या मागेमागे फिरत होते, खांब धर, शिडी धर. खांबावरून घरात शिरणाऱ्या तारेला एक डबी लावायची आणि डबीपासून माणसाच्या उंचीचा लोखंडी रॉड जमिनीत ठोकायचा, म्हणजे तारेवर वीज आलीच तर ती घरात न शिरता मातीत उतरते, असा नियम होता. रॉड दीड हात गेला आणि मुरूम लागला. हातोडा उलटा उडायला लागला. संध्याकाळची शेवटची बस गाठायची होती. तेजरामने हॅक्सॉ काढला आणि वर राहिलेला रॉड कापून टाकला. अर्ध्यावर ब्लेड तुटलं म्हणून दुसऱ्या बाजूने कापावं लागलं. खालच्या थोटकावर माती ओढली, पायाने दाबली. वरून पाहणाऱ्याला रॉड पुरा गेल्यासारखाच वाटला असता.

अठराव्या दिवशी, भादव्यातल्या एका दुपारी, वीज पडली. भैयालाल फोनवर बोलत होते.

"बिजली गिरी, कोई क्या करेगा," ठेकेदार म्हणाला. कोणी खड्डा उकरून पाहिला नाही. पुरा रॉड असता तर माणूस वाचलाच असता, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेजरामही सांगू शकत नव्हता, आणि त्याची भीती नेमकी तिथेच होती. तेव्हापासून ढग गडगडले की तो खाटेवर पाय वर घेऊन बसायचा. त्याची बायको गीता हसायची. एवढा मोठा माणूस, दिवसभर तारांत हात घालतो आणि गडगडाटाला भितो. त्याने तिलाही कधी काही सांगितलं नव्हतं.

त्याने शिडी लावली, पुढच्या भिंतीला भोक पाडलं, तार कोठ्याच्या पत्र्यावरून ओढून घेतली. हात सवयीने चालत होते. डोकं मात्र भिंतीच्या त्या कोपऱ्याकडे जात होतं. तिथे आता तुळस होती. तिच्याखाली ते थोटूक अजून असेल का, हे त्याला कळत नव्हतं. पश्चिमेकडून, तुमसरच्या बाजूने, आभाळ काळं होत आलं होतं. धानावरून गार वारा आला.

पहिल्याच गडगडाटाला शेवंताबाई सूप टाकून उठल्या. त्यांच्या वयाच्या मानाने त्या फारच चपळ होत्या. टीव्हीचा प्लग काढला, फ्रिजचा काढला, राउटरच्या सगळ्या तारा ओढल्या आणि अंगणातून पळत जाऊन सुनेच्या खोलीतलंही सगळं उपटून आल्या. मागोमाग ज्योत्स्ना कानातले हेडफोन गळ्यात टाकून धावत आली.

"आई! फाइल जाऊन राह्यली होती ना! इस महीने में चौथी बार! कंपनीवाले बोलले, अब एक बार और हुआ तर दुसरी पाहू."

"जाऊ दे कंपनीले. तू लाकडाच्या खाटेवर बस."

ज्योत्स्ना रडकुंडीला आली होती. ती शिडीपाशी आली आणि वर पाहून म्हणाली, "काका, तुमीच सांगा आता हिले. माहं ऐकत नाही. सांगा का या तारेतून बिजली येत नाही. नवीन लाइन हाय, याच्यात काही होत नाही."

शेवंताबाईही पुढे आल्या. पदराने घाम पुसत त्यांनी तेजरामकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. "सांगा भाऊ. तुमी जाणते हा. तुमी म्हणान त नाही काढनार मी. पोरीची नोकरी जावी असं मले बी नाही वाटत."

तेजरामच्या हातात तांब्याची तार होती. दोन शब्दांचं काम होतं. 'नाही येत' म्हणायचं, तार जोडायची, गाडीला किक मारायची. मग पुढच्या भादव्यात ही पोरगी कानाला हेडफोन लावून त्या खोलीत बसेल, वर आभाळ गडगडेल, आणि सासू काही काढायला उठणार नाही, कारण बालाघाटच्या जाणत्या माणसाने तिला सांगितलेलं असेल.

वाऱ्याने मागचं दार आपटलं. शेवंताबाई "थांबा" म्हणत आत गेल्या, दार लोटलं आणि कोपऱ्यातला लोखंडी रॉड उचलून दोन आकड्यांत आडवा घातला. तेजराम तोवर खाली उतरला होता. उघड्या खोलीतून त्याला दाराशी आडवा असलेला तो रॉड दिसला. वापरून वापरून तो गुळगुळीत झाला होता, पण एका टोकाला पायरी होती, दोन बाजूंनी कापल्याची.

"हा रॉड कुठून आनला, बाई?" आपण हे विचारतो आहोत, याचंच त्याला आश्चर्य वाटलं.

"फोन लावनारा पोरगा इसरून गेलता. दुसऱ्याची चीज, फेकावी कशी? यायीन घ्यायले, म्हनून लय दिवस सांभाळून ठेवला. मंग हे झालं. तो काही आला नाही. मंग लावला दाराले."

तेजराम परछीच्या पायरीवर बसला. मोठा गडगडाट झाला, पण पाय वर घ्यायचं त्याला सुचलं नाही.

"या तारेतून बिजली येते, बाई," तो म्हणाला. "तुमी काढता तेच बरोबर हाय. मी मघाशी खोटं बोललो. अन् तो पोरगा मीच व्हय."

मग त्याने सगळं सांगितलं. मुरूम, बस, हॅक्सॉ, वरून ओढलेली माती. सांगताना तो अंगणाकडे पाहत होता. ज्योत्स्नाचा हात तोंडावर गेला होता. शेवंताबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. आता ही बाई ओरडेल, गाव गोळा करेल, वीरेंद्र येऊन आपल्याला मारेल, असं त्याला वाटत होतं. खरं तर त्याला तेच हवं होतं.

"पुरा ठोकला असता त?" शेवंताबाईंनी विचारलं.

"मालूम नाही. वाचले असते बी. नाही बी."

"ते खाटेवर पडले होते," शेवंताबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, रोजचं काही सांगावं तसा. "ढग गरजत होते म्हनून खाटेवर पडले होते. घंटी वाजली. मी म्हटलं, उठा ना हो, वीरेंद्रच्या मामाचा असन. ते नाही म्हनत होते. मीच आवाज देल्ला. दोनदा देल्ला. बावीस साल झाले, भाऊ. मले वाटे, मीच मारलं त्यायले. माह्याच आवाजानं."

आपण एक माणूस मारला असेल, एवढंच भय तेजराम इतकी वर्षं जपत आला होता. आपल्या गप्प बसण्याने आणखी एक माणूस रोज मरत होतं, हे त्याला आज कळलं. एक दिवस यायचं होतं फक्त. रॉड घ्यायला म्हणून आला असता तरी चाललं असतं.

पाऊस न पडताच ढग बैहरच्या डोंगरांकडे निघून गेले. तेजरामने टांगलेली तार सोडवली, गुंडाळली आणि ज्योत्स्नाला म्हणाला, "फायबर आनतो उद्या. त्याच्यात बी पोलादी तारवालं येते, ते नाही, पोलादातून बी बिजली येते; बिनतारेचं. राउटरले बॅटरी लावून देतो. ढग आले का लाइटचे प्लग काढाचेच, तुया बी खोलीतले. पर लाइन काढाची गरज नाही. काम चालू राहीन." ज्योत्स्नाने मान हलवली. ती सासूकडे पाहत होती.

शेवंताबाईंनी उद्या या म्हटलं नाही आणि येऊ नका असंही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच आला. वीरेंद्र घरीच थांबला होता. परछीत हाताची घडी घालून उभा होता. तेजरामची मान वर होत नव्हती. काचेची बारीक तार कोठ्यावरून नेऊन दोन्हीकडे जोडायला त्याला तास-दीड तास लागला. राउटरच्या मोठ्या पोर्टवर हिरवा दिवा लागला. ज्योत्स्ना तिच्या खोलीत गेली ती बाहेर आली नाही, म्हणजे काम सुरू झालं होतं.

मग तेजराम गाडीकडे गेला आणि बांधून आणलेला नवा रॉड सोडला. माणसाच्या उंचीचा, तांब्याचा मुलामा दिलेला. लाइटच्या मीटरला अर्थिंग धड नव्हतं, ते त्याने कालच पाहिलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, पण तुळशीपासून चार हातांवर त्याने पहार चालवायला सुरुवात केली. दीड हातावर मुरूम लागला, तोच. पहारीच्या टोकातून ठिणगी उडाली. आभाळ पुन्हा भरून येत होतं आणि त्याच्या हातात लोखंड होतं. भीती वाटत होती, भरपूर वाटत होती. तो ठोकत राहिला.

शेवंताबाई विहिरीवरून बादली भरून घेऊन आल्या. तेजरामला वाटलं, प्यायला आणलं असेल. त्यांनी सगळं पाणी खड्ड्यात ओतलं, मुरूम मऊ व्हावा म्हणून. मग त्या आत गेल्या आणि मागच्या दाराचा रॉड काढून घेऊन आल्या.

"आधी हा," त्या म्हणाल्या.

तो कापलेला तुकडा जमिनीत घालून काही उपयोग नव्हता, हे तेजरामला ठाऊक होतं. त्याने तो खड्ड्यात उभा धरला. हातोडा पडत गेला, रॉड बोट बोट खाली जात राहिला. दुपार झाली तेव्हा पायरीचं टोक तेवढं वर राहिलं होतं. तेजरामच्या तळहाताला फोड येऊन फुटले होते. त्याने हातोडा खाली ठेवला आणि वर पाहिलं.

शेवंताबाई खड्ड्याशी वाकून बघत होत्या. ढग गरजले. प्लग काढायला आज त्या उठल्या नाहीत, वीरेंद्र उठला.

"अजून वर हाय," त्या म्हणाल्या.

तेजरामने हातोडा पुन्हा उचलला.