‘अहो’ नावाचा सम्राट

या, जरा पुढे सरकून बसा. पाठीला भिंत हवी असेल त्यांनी भिंत घ्यावी, पण कान मात्र इकडे द्यावेत. आज नामाची गोष्ट सांगायची आहे. देवाच्या नामाची थोरवी सांगायला मोठमोठे अधिकारी बसले आहेत, तिथं मी तोंड घालत नाही. माझी गोष्ट एका घड्याळजीची, त्याच्या बायकोची आणि एका लांब कानांच्या कुत्र्याची. मध्ये हसू आलं तर खुशाल हसा. हसलेल्या माणसाच्या जिभेवर नाम लवकर बसतं.

तर घड्याळजीकाकांचं दुकान खाली आणि घर वर. मध्ये लाकडी जिना. दुकानात भिंतभर घड्याळं, आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. काका सकाळपासून डोळ्यात भिंग खुपसून बसलेले. त्यांच्या पायाशी मधाच्या रंगाचा कॉकर स्पॅनियल कुत्रा, अस्सल वंशावळीचा. कागदोपत्री त्याचं नाव इतकं लांबलचक होतं, की कोणी ते पुरतं उच्चारेपर्यंत त्यानं कोपऱ्यावरचा खांब ओला करून परत यावं. काकांनी ते तोडून ‘सम्राट’ केलं होतं. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, लांब वस्तूचं आखूड करणं त्यांच्या हातचंच.

सम्राटाची बडदास्त मात्र नावाला शोभेल अशी. पाठीवरचे मेलेले केस कात्रीनं कापायचे नाहीत, रंग उडतो; ते बोटांनी चिमटून चिमटून काढायचे. काका तेही भिंग लावून काढत. नखं घड्याळाच्या बारीक कानशीनं घासत. कान काकूंकडे. रोज धुवायचे, पुसायचे, गुंता सोडवायचा. आणि जेवताना ते ताटलीत बुडू नयेत म्हणून काकांच्या जुन्या स्वेटरची कापलेली बाही त्याच्या डोक्यावरून चढवायची. ती बाही घालून सम्राट जेवायला बसला, की दाढदुखीनं बेजार झालेल्या म्हातारीसारखा दिसे.

“माझा चांगला स्वेटर होता,” काका कुरकुरत.

“तुम्हाला एवढा शोभत नव्हता,” काकू म्हणत.

आता काकांच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती. गावाबाहेरच्या अंगाला एक वृद्ध बाई राहत. कुत्री पाळणारे लहानथोर त्यांना नुसतं ‘बाई’च म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी एकच घराणं जपलं होतं. शांत डोळ्यांची, समंजस कुत्री. त्या घराण्यातली एकच मादी आता उरली होती आणि तिचं हे शेवटचं वेत ठरणार होतं. यापुढे तिच्या जिवाला त्रास द्यायचा नाही, असं बाईंचं ठाम मत होतं. हे स्थळ आपल्या सम्राटासाठी मिळावं आणि त्यातलं एक पिल्लू आपल्या पायाशी लोळावं, एवढीच काकांची इच्छा. नाहीतर ते घराणं तिथंच संपणार होतं.

बाईंनी डोळ्यांच्या आणि हाडांच्या तपासण्या पाहिल्या, मान डोलावली. मग म्हणाल्या, “मुलगा देखणा आहे. पण कुत्र्यांच्या दोन प्रदर्शनांत दोन्ही वेळा परीक्षकांनी ‘चित्त अस्थिर’ असा शेरा मारलाय. रूप तर पिल्लांत उतरतंच, स्वभावही उतरतो. चंचल घरात मी मुलगी देत नाही, घड्याळजी.”

“बाई, घरी तो दगडासारखा उभा राहतो हो!”

“घरी सगळेच नवरे साधू असतात. मी येऊन बघते.”

आणि खरंच आल्या. जसं मुलगा बघायला येतात तसंच. काकूंनी चहा टाकला, काकांनी धुतलेला सदरा घातला. सम्राट टेबलावर उभा केला. चारही पाय जिथल्या तिथं, मान ताठ, शेपटी सरळ. बाईंनी दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला. हालचाल नाही. काकांना आकाश ठेंगणं झालं.

तेवढ्यात आतून काकूंची हाक आली, “अहो! साखरेचा डबा कुठं ठेवलात?”

सम्राटानं टेबलावरून उडी मारली ती थेट स्वयंपाकघरात.

काका कपाळाला हात लावून म्हणाले, “असंच होतं बघा! ऐन वेळी काय अंगात येतं कोण जाणे.”

बाईंनी डोळे बारीक केले आणि अगदी हळू, चहात फुंकर घालावी तसं म्हटलं, “अहो.”

आतून टपटप पावलं वाजली. सम्राट बाईंच्या पुढ्यात येऊन बसला आणि त्यानं मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं. आज्ञा व्हावी!

“आता तुम्ही हाक मारा,” बाई म्हणाल्या.

“सम्राट!” काका म्हणाले. कुत्र्यानं कान खाजवला.

बाई इतक्या हसल्या की बशीत चहा सांडला. “घड्याळजी, तुमच्या कुत्र्याचं नाव सम्राट नाही. त्याचं नाव ‘अहो’ आहे!”

काय झालं होतं, पाहा. पिल्लू घरी आलं तेव्हापासून काकू जेवणाच्या वेळी जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन हाक मारत, “अहो!” काकांचा एक स्क्रू नेहमी शिल्लक. ते पहिल्या हाकेला कधी उठलेच नाहीत. पिल्लू मात्र पहिल्या हाकेला वर, आणि वर गेलं की काहीतरी तोंडात पडे. हाक नवऱ्याला, ओ कुत्र्याची! काकूंनाही वाटे, कुणीतरी आलं, ठीक आहे. आता प्रदर्शनाच्या दोरीपलीकडे बायका बसलेल्या, कुणी म्हणे “अहो, पाण्याची बाटली द्या,” कुणी म्हणे “अहो, पाय घ्या जरा.” आपला सम्राट बिचारा हाकेला जागत होता, आणि परीक्षक त्याला नावं ठेवत होते.

“मग आता?” काकांचा चेहरा उतरला.

“पुढचं प्रदर्शन आमची मुलगी माजावर यायच्या आत आहे. तिथं ‘उत्कृष्ट’ शेरा आणा, मुलगी तुमची. अहो म्हटलं की हलायचं नाही, उभं राहायचं, मग खाऊ. शिकवा.” बाई उठल्या, दारात थांबल्या. “आणि तू गं, घरात नवऱ्याला दुसरी कुठली तरी हाक मार.”

झालं, शिकवणी सुरू. काकू दिवसभर जिन्यावरून विनाकारण “अहो, अहो” म्हणत. सम्राट न हलता उभा राहिला की त्याला तुकडा. पंचाईत एवढीच, की आता खालून काका वर येऊ लागले.

“काय गं?”

“तुम्हाला नाही हो, त्याला.”

“मग मला कधी बोलावणार?”

“बोलावलं तेव्हा आलात का कधी? आता बरे येताय!”

लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथं कुत्र्याला बोले आणि काकांना लागे. हळूहळू परक्या बायकांचं ‘अहो’ सम्राटाच्या अंगवळणी पडलं. काकांनी बाहेरून ‘अहो’ म्हटलं तरी तो नुसती शेपटी हलवी. पण काकूंच्या गळ्यातलं ‘अहो’? तिथं त्याचं ब्रह्मज्ञान वितळे. चार वेळा उभा राही, पाचव्यांदा उडी.

म्हणून काकूंनी नवी हाक शोधायला घेतली. “ऐकलंत का” म्हणून पाहिलं. सम्राटानं ते आठवड्यात पाठ केलं. “इकडे बघा” म्हटलं, तर काकांच्या आधी तोच बघू लागला. खोकून पाहिलं, तर काका खोकल्याचं औषध घेऊन आले. पळी वाजवली, ती तर पहिल्याच दिवशी कुत्र्याची झाली. तोंडातली एकेक हाक त्या गधड्यानं फस्त केली.

“नावानं हाक मार की सरळ,” एकदा डोकावून गेलेल्या बाईंनी सुचवलं.

“इश्श! एवढी वर्षं घेतलं नाही, आता काय घेऊ? जीभच वळायची नाही.”

काका भिंगाआडून म्हणाले, “आम्ही कुठं नको म्हणतोय?” पण ते इतकं हळू, की फक्त घड्याळांनी ऐकलं.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. मोठा पत्र्याचा मंडप, जमिनीवर हिरवं जाजम, जिकडेतिकडे केस वाळवायची यंत्रं घोंघावत होती. काकूंनी कान विंचरले, बाही काढली, डोळ्यांच्या कडा पुसल्या. मग तोंडात मूग धरून दोरीशेजारच्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी शपथच घेतली होती, आज ओठ उघडायचे नाहीत. बाई समोरच्या बाजूला काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या.

सम्राटाची पाळी आली. परीक्षक उंच, वाकून वाकून कंबर धरलेले गृहस्थ. सम्राट टेबलावर उभा. दात झाले, छाती झाली, पाठ झाली. दोरीमागून कुणीतरी ओरडलं, “अहो, छत्री कुठंय?” कान हलला, पाय नाही. दुसरीकडून आलं, “अहो, चला ना!” तरी नाही. काकांनी श्वास सोडला, त्याला उचलून खाली ठेवलं आणि गुडघ्यावर बसून त्याचे पाय नीट लावले. परीक्षक चार पावलं मागं गेले. आता हात वर करून ते “पळवा” म्हणणार, की काका कुत्र्याला घेऊन गोल फेरी मारणार.

आणि काकूंना ते दिसलं. काका खाली बसताना सम्राटाच्या दोरीचं टोक त्यांच्या मनगटामागून लोंबलं आणि घडीच्या टेबलाच्या पायातल्या लोखंडी कडीत अडकलं. काकांची तिकडे पाठ. परीक्षकांची नजर कुत्र्यावर. काका एक पाऊल जरी धावले असते, तरी ते टेबल लोखंडी पायांसकट सम्राटाच्या पाठीवर आलं असतं.

‘अहो’ काकूंच्या घशापर्यंत आलं. पण ‘अहो’ म्हटलं तर? तो त्यांच्याकडे झेपावणार आणि टेबल स्वतःच अंगावर ओढून घेणार. “ऐकलंत का”ही त्याचं, “इकडे बघा”ही त्याचं. सगळ्या हाका त्यानं खाल्लेल्या. एकच उरली होती, जन्मात न उष्टावलेली.

परीक्षकांचा हात वर जायला लागला.

काकूंनी काकांचं नाव घेतलं. मोठ्यानं, खणखणीत, पुढं-मागं काही न लावता.

काका जागच्या जागी थिजले. मग सावकाश वळले. तोंड उघडं, कान लाल, लग्नात पाहिलं नसेल असं बायकोकडे पाहत राहिले. काकूंनी बोटानं टेबलाचा पाय दाखवला. काकांनी कडीतून दोरी सोडवली. एरवी केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारे हात, पण तेवढ्यालाही वेळ लागला त्यांना. आणि हा सगळा वेळ सम्राट? पुतळा!

परीक्षक तरातरा आले. “कुणी हाक मारली? बाहेरून कुत्र्याला हाक मारून उभं करायचं नाही, हा नियम आहे. मला याला बाद करावं लागेल.”

“कुत्र्याला नाही, साहेब. मला मारली. ते माझं नाव.”

“तुमचं? मग कुत्र्याचं नाव काय?”

“सम्राट.”

“सम्राट!” परीक्षकांनी हाक दिली. कुत्र्यानं समोरच्या खांबाकडे लक्ष दिलं. परीक्षकांच्या भुवया चढल्या. “हे तर त्याला माहीतच नाही.”

काका खोटं बोलणारे नव्हेत. खाली मान घालून म्हणाले, “खरं सांगू? घरात त्याला ‘अहो’ म्हणतात.”

‘अहो’ ऐकताच सम्राटानं मान वर केली, शेपटी दोनदा डोलवली. पाय मात्र रोवलेले.

परीक्षकांनी काकूंकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या घरात हीच हाक असावी. कारण ते आधी खोकले आणि मग त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. फेरी झाली. शेरा लिहिताना ते म्हणाले, “कुत्रा स्थिर आहे. मालक हलला. बरं आहे, मालकाला शेरा द्यायचा नसतो. उत्कृष्ट!”

समोरून बाईंनी काठी दोनदा आपटली. “घड्याळजी, मुलगी दिली!”

यथावकाश पिल्लं झाली, शांत डोळ्यांची. त्यातली एक मधुरंगी पोर आज काकांच्या पायाशी लोळते आणि तिचीही बाही कापून तयार आहे. यावेळी काकूंच्या स्वेटरची.

प्रदर्शनाहून घरी आल्यावर काकू पुन्हा ‘अहो’वर गेल्या. काका आता मुद्दाम जिन्याखाली घुटमळतात. एक अहो, दोन अहो, ऐकूच येत नाही. त्यांना वाटतं, रागावून तरी एकदा नाव घेईल.

“कान गेले की काय तुमचे?” काकू वरून विचारतात. “ते राखून ठेवलंय. टेबल पडायला लागलं की घेईन.”

पण खरी मौज पुढंच आहे. मी काकांना विचारलं, “तुम्ही त्यांना काय म्हणता?” म्हणाले, “अगं.” “आणि नावानं?” काकांनी भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. हल्ली दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते घड्याळांच्या टिकटिकीत काहीतरी पुटपुटत असतात. सराव चाललाय. पायाशी दोन्ही कुत्री कान टवकारून बसलेली असतात. त्यांनी ती हाक शिकायच्या आत काकांना ती वर पोचवायची आहे.

तेव्हा मायबाप, एवढं माझं मागणं. दिवा मालवताना देवाचं नाम घ्याल, तेव्हा शेजारी क्षणभर त्या काकूंची आठवण ठेवा. नाव विचाराल तर मला ठाऊक नाही. ते अजून कुणी मोठ्यानं घेतलेलं नाही. नुसतं “अहो, त्या काकूंना सुखी ठेवा” असं देवाला म्हणा. त्याला या हाकेची सवय आहे, आणि तो पहिल्या हाकेला उठतो.