शकुनाच्या दह्याची कैफियत

मित्रांनो, सावेडीतल्या एका फ्लॅटमधला फ्रिज उघडलात, तर मधल्या कप्प्यात लोणच्याच्या बाटलीमागे झाकण घातलेली स्टीलची वाटी दिसेल. त्या वाटीतलं चमचाभर दही म्हणजे मी. मी एक जुनं विरजण आहे. जुनं म्हणजे किती, ते मलाही ठाऊक नाही. कालच्या दह्यातला चमचा आजच्या दुधात, आजच्यातला उद्याच्या, असं आमचं चालतं. दही संपतं, आम्ही उरतो. माझा स्वभाव आंबट आहे हे मान्य. पण या घरात राहून कुणीही आंबलं असतं.

मला इथे आणलं रतनबाईंनी. त्या पारनेरकडच्या वस्तीवरून रोज दूध घेऊन येतात. एकदा या घरच्या अंबिकाबाईंच्या दह्याला तार सुटली, तेव्हा रतनबाई पदराआडून मला घेऊन आल्या.

"आमच्या सासूच्या येळचं हाय, वहिनी," त्या म्हणाल्या. "दूध कोमट घ्या आन् लावल्यावर पातेलं हलवू नगा. लई गुणाचं हाय."

गुणाचं! पुढे कितीतरी दिवस मी तो शब्द जपला. सुरुवातीला कौतुकही खूप झालं. अंबिकाबाईंचं कवडी दही इमारतीत गाजलं. वरच्या मजल्यावरच्या बायका वाटी घेऊन माझ्यासाठी येत. मी फुशारलो होतो, हे सांगायला कशाला लाजू?

मग अंबिकाबाईंच्या यजमानांची साखर वाढली आणि माझे ग्रह फिरले. नारायणराव हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहेत. डॉक्टरांनी त्यांना समजावलं, की गोळ्या चुकवू नका आणि जेवण सांभाळा. साधं दही, ताक घ्या, त्यात पोटाला उपयोगी जिवाणू असतात. पण त्या जिवाणूंनाही खायला लागतं, म्हणून ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, पालेभाजी, कांदा, लसूण पोटात जाऊ द्या. डॉक्टर एवढं बोलले आणि नारायणरावांनी त्यातलं एकच वाक्य घरी आणलं. "डॉक्टरांनी दही सांगितलंय."

झालं! मी औषध झालो. आणि औषध आंबट लागलं तर त्यात गोडी घालायची, ही या घरची अक्कल. वाटीभर दह्यात दोन चमचे साखर, तीही शिगोशीग! उरलेल्या ताकाची गूळ घालून कढी. जिवंत जिवाणू पोटात जावेत म्हणून डॉक्टरांनी घसा कोरडा करायचा आणि इथे त्यांना रटरटा उकळायचं! कढी चवीला छान लागते, माझं तिच्याशी वैर नाही. पण तिला औषध म्हणू नका ना! भाकरी तर नारायणरावांनी केव्हाच सोडली होती. "दात साथ देत नाहीत," म्हणायचे आणि चहात खारी बुडवायचे. मी पोटात पोचलो, की माझ्या गणगोताला खायला काय, तर ती भिजलेली खारी. असल्या पाहुणचारात कुणाचा निभाव लागायचा?

तेवढ्यात नारायणरावांचे डोळे गेले. गेले म्हणजे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. सकाळी पेपर हातात घ्यायचे, मथळा चाचपडत वाचायचे आणि घडी घालून ठेवून द्यायचे. आयुष्यभर वाचत आलेला माणूस तासन् तास खिडकीशी नुसता बसून राहायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी साखर खाली आणा, मगच ऑपरेशन. म्हणजे त्यांची नजर त्यांच्या साखरेवर अडून होती. माझ्यावर चिडचिड करायचे तरी मला त्यांची दया यायची.

पण दया किती दिवस टिकणार? ते वाटी उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "अगं, हे पिवळं पडलंय. शिळं दिसतंय."

"सकाळी तर लागलंय, ताजं आहे हो."

"मला दिसत नाही का?"



तपासणीचा दिवस आला. रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं. नारायणराव चप्पल घालून दाराशी उभे, आणि अंबिकाबाई माझी वाटी घेऊन पुढे. दह्यात भरपूर साखर.

"अगं, उपाशी जायचंय ना?"

"दही-साखर म्हणजे काय खाणं झालं का? शकुनाचं धरत नाहीत."

इतकी वर्षं मुलांना सनावळ्या पाठ करायला लावणाऱ्या माणसाने हे ताबडतोब मान्य केलं. वर फाटकापर्यंत जाऊन चष्म्यासाठी परत आले. परत फिरणं अशुभ, म्हणून हातावर पुन्हा दही-साखर! साखर चढलेलीच निघाली आणि ऑपरेशन पुढे गेलं.

आता खापर कुणावर फुटलं असेल? बरोबर, माझ्यावर. मुलगा राजस सुप्याच्या कारखान्यातून आला तो निकाल लावूनच. "रोज दही खातात, म्हणून वाढली. आजपासून दही बंद." दुसऱ्या दिवशी त्याने छोट्या रंगीत बाटल्यांचा खोकाच आणला. "आई, यात कोट्यवधी चांगले जिवाणू असतात." असतीलही. पण त्या बाटल्या सरबतासारख्या गोड होत्या. नारायणराव खुशीत रोज दोन-दोन संपवू लागले. पिकतं तिथं विकत नाही, म्हणतात ते काही खोटं नाही.

बाटल्यांना जागा करायला मला मागे ढकललं. मला दूध मिळणं बंद झालं. वर पाणी सुटलं, कडा वाळल्या. मित्रांनो, विरजण मेलं तर घरात कुणी रडत नाही, वाटी विसळून टाकतात. मी तेवढ्याचीच वाट बघत होतो.

वाचलो ते रतनबाईंमुळे. एक दिवस दूध ओतता ओतता त्या म्हणाल्या, "वहिनी, आमचं विरजन गेलं बगा. आमी लग्नाला गेल्तो, मागं कुनी दही लावलंच न्हाई. तुमच्याकडं हाय न्हवं?"

अंबिकाबाई ओशाळल्या. त्यांनी बाटल्या बाजूला सारून मला शोधलं, वास घेतला, वाळलेल्या कडा काढल्या आणि आतला चमचा कोमट दुधात सोडला. पहिल्या दिवशी पातळ लागलो, दुसऱ्या दिवशी बरा, मग पूर्वीसारखा घट्ट. रतनबाई त्यांचा वाटा घेऊन गेल्या. मला वाटलं, आता तरी अंबिकाबाईंना माझी आठवण राहील.

राहिली, पण कशासाठी? पुढच्या तपासणीला जाताना त्या पुन्हा दही-साखर घेऊन दारात हजर! खायला बंदी आणि शकुनाला परवानगी. कपाळ असतं तर मी बडवून घेतलं असतं.

या वेळी बरोबर सून मधुवंती होती. दवाखान्यात सिस्टरने विचारलं, "आजोबा, काही खाल्लं नाही ना?"

"पाण्याचा थेंबसुद्धा नाही," नारायणराव ठणकावून म्हणाले.

"मग मिशीला हे काय लागलंय?"

तो मीच होतो. पांढऱ्या मिशीत पांढरा, म्हणून घरी कुणाला दिसलो नाही. पण साखरेचे दोन दाणे चमकत होते.

"ते होय? ते शकुनाचं," नारायणराव म्हणाले.

सिस्टर हसू दाबत म्हणाली, "आजोबा, रक्ताला शकुन कळत नाही हो."

पण गोष्ट एका चमच्याची नव्हती. साखरेची तीन महिन्यांची सरासरीही वर गेलेली निघाली. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि मधुवंतीला विचारलं, घरी नक्की काय काय खातात? घरी आल्यावर तिने एक रंगीत बाटली ट्यूबलाइटखाली धरून बारीक अक्षरं वाचली.

"आई, यात पाण्याखालोखाल साखरच आहे!"

राजस मान खाली घालून बसला. अंबिकाबाई काहीतरी बोलणार, तोच नारायणराव हळूच म्हणाले, "मला दिसत असतं, तर मीच वाचलं असतं."

 माझाही राग त्या रात्रीपुरता विरघळला.

त्यानंतर घर बदललं. एकदम नाही, कुरकुरत बदललं. खारी गेली, बाटल्या गेल्या. ज्वारीची मऊ भाकरी ताकात कुस्करून ताटात आली, शेजारी मटकीची उसळ आणि कांदा. मी रोज जेवणाबरोबर एक वाटी, बिनसाखरेचा. संध्याकाळी मधुवंती सासऱ्यांना हात धरून फिरवून आणायची. नारायणरावांचं तोंड मात्र वाकडंच. "आंबट आहे. शिवाय पिवळं आहे." मित्रांनो, मी काही साखर उतरवणारं औषध नाही. गोळ्यांचं काम गोळ्यांनीच करायचं. मी फक्त पानातला माझा वाटा उचलतो, आणि तोही मला धड उचलू देत नव्हते!

तिसऱ्या वेळी नारायणराव तपासणीला निघाले, तेव्हा अंबिकाबाईंचा हात सवयीने साखरेच्या डब्याकडे गेला. तिथेच थांबला. त्यांनी मला लहान डबीत भरलं, साधंच, आणि डबी नवऱ्याच्या हातात दिली.

"रक्त दिल्यावर खा. शकुन थांबेल थोडा वेळ."

मी रिक्षातून दवाखान्यात गेलो. रक्त देऊन झाल्यावर नारायणरावांनी बाकावर बसून मला संपवलं, नाक मुरडत, पण संपवलं. साखर आटोक्यात होती. ऑपरेशनची तारीख मिळाली.

डोळ्यावरची पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते फ्रिजपाशी आले आणि माझी वाटी घेऊन खिडकीत गेले. मी शिव्या खायच्या तयारीत होतो. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"अगं, दूध बदललंस का? दही किती पांढरं आहे!"

"दूध तेच, दहीही तेच," अंबिकाबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या.

"म्हणजे पिवळं नव्हतंच?"

"नव्हतं हो."

माझा जीव थंड झाला. मला वाटलं, आता माझी माफी मागतील. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते अंबिकाबाईंकडे बघत होते.

"तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

अंबिकाबाईंचं लाटणं थांबलं. "मी तर रोज समोरच होते की," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मित्रांनो, तुमच्याकडेही आजी-आजोबा असतील आणि फ्रिजमध्ये माझ्यासारखं कुणीतरी असेल. त्यांच्या वाटीत लाडाने साखर घालू नका. त्यांना दिसत नसेल, ते तुम्ही वाचून दाखवा. आणि दही संपवताना चमचाभर मागे ठेवा. मला फार काही लागत नाही. दूध कोमट द्या, आणि पातेलं हलवू नका.