सोड

बोटाच्या पेराएवढा लोखंडी खटका, खाली वळलेला, म्हणजे उघडा... होता की नव्हता? आत्ताच तर तिने खोगिराची चामडी झडप उचलून आत बोट फिरवलं होतं. पण पुढच्या खोगिराकडे सरकेपर्यंत बोटाने सांगितलेलं डोक्यापर्यंत पोचलंच नाही असं वाटलं आणि ती पुन्हा मागे आली. उघडा होता. रिकिबीची वादी ज्या कांबीवर अडकवतात त्या कांबीच्या टोकाला हा खटका. तो उघडा असला की स्वार पडला, पाय रिकिबीत अडकला, तरी वादी मागे सरकून निसटते. रिकीब पायाबरोबर जाते आणि घोडा एकटा पुढे जातो. बंद असला की स्वारही घोड्याबरोबर जातो, जमिनीवरून. सगळं शास्त्र एवढंच, आणि एवढ्यासाठी ती रोज सकाळी खोगिरांच्या खोलीत, तेलाच्या आणि घामट चामड्याच्या वासात, भिंतीवरच्या प्रत्येक खोगिराखाली बोट घालत हिंडते. शिकायला येणारे तिला खटकाबाई म्हणतात. पूर्वी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावरही म्हणतात.

शेवटची खुंटी रिकामी होती. तिच्यापाशी आलं की हात आपोआप वर उठतो आणि हवेतच थांबतो... त्या खुंटीवर मास्तरांचं खोगीर असायचं. घोडेस्वारीच्या या शाळेचे ते मास्तर, आणि तिचा नवरा. त्या खोगिराला मात्र बोट लावायचं नाही असा त्यांच्यात करार होता. बोलून केलेला नव्हे, भांडून थकल्यावर उरतो तसा. कारण त्याच्या खोगिराचे खटके बंद असायचे. एकदा चढावर, पाहुण्यांच्या देखत, त्याची वादी निसटली होती, आणि रिकीब हातात घेऊन मास्तर पायी खाली उतरले तेव्हा कुणीतरी हसलं होतं. त्याच दिवशी त्याने दोन्ही खटके हातोडीने ठोकून बसवले. शिकणाऱ्यांना मात्र रोज ओरडून सांगायचा, खटके उघडे ठेवा, टाच खाली ठेवा, बुटाच्या दोन्ही बाजूंना करंगळीएवढी जागा ठेवा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तिने म्हटलंच होतं तसं. त्यावर तो म्हणाला होता, "पडायची तयारी करून जो बसतो ना, तो बसलेलाच नसतो. तुझं सगळं असंच आहे. लग्नातसुद्धा एक खटका उघडा ठेवून बसली आहेस."

ती हसली होती तेव्हा. खरंच होतं ते, म्हणूनच हसली असेल.

मग गेल्या वर्षीचा तो दिवस... कुंपणावर वाळत घातलेली ताडपत्री वाऱ्याने फडफडली, घोडा बुजला, एवढंच. ती कुंपणाशी उभी होती. तो बाजूला कलला, डावा पाय रिकिबीतच राहिला आणि घोडा पळत सुटला. घोडे सांभाळणाऱ्या लंबू मोतद्दाराने लगाम पकडेपर्यंत घोडा अख्ख्या मैदानाला फेरी घालत पळतच होता, आणि त्या सगळ्या वेळात मास्तरांच्या तोंडातून आवाज निघाला नाही. आवाज एकच होता, तिचा. त्यानंतर शाळेच्या मालकांनी दारावर हा मोठा फलक लावला, ‘खटके उघडे आहेत याची खात्री करा’. बैल गेला आणि झोपा केला! रंगाऱ्याने ‘खात्री’तली वेलांटीही चुकवली होती, आणि ती चूक रोज सकाळी तिच्या डोळ्यांत जाते.

आता तो घरी असतो. पलंगावर. डोळे फिरतात, उजवा हात थोडा हलतो, भरवलेलं गिळतो. आणि एकच शब्द बोलतो. सोड.

या एका शब्दावर घरात वर्षभर कीर्तन चाललंय. डॉक्टर म्हणतात, असा एखादा शब्द राहतो मागे, फार मनावर घेऊ नका. व्यायाम करून घ्यायला येणारी बाई म्हणते, मी पाय जोरात धरते म्हणून म्हणत असतील. नणंदेने तर अर्थ पक्का करून टाकलाय: "वहिनी, दादा स्वतः सांगतोय. मला तिकडे सोड, म्हणजे माझ्याकडे सोड." नणंदेचं घर मोठं आहे, तळमजल्यावर आहे, माणसं आहेत, आणि जीवही आहे तिचा भावावर, ते खोटं नाही. आणि मला काय ऐकू येतं? मला सुटू दे. नळ्या नको, गोळ्या नको, हे सगळं सोड. कधी कधी त्याहून वाईट: तू मला सोड. जा तू. उघडा आहे ना तुझा खटका, मग निसटून जा... आणि हे ऐकू आलं की, देवा, मला बरं वाटतं. त्याच्या तोंडून परवानगी आल्यासारखं बरं वाटतं.

आज संध्याकाळी नणंद उत्तर घ्यायला येणार होती. हो म्हटलं की उद्या गाडी येईल. आणि तिने हो म्हणायचं ठरवलं होतं. सकाळी चहा ढवळता ढवळता ठरवलं होतं, कारण तो म्हणतोय ना, तोच म्हणतोय. मी फक्त ऐकते आहे.

मैदानात नवी मुलगी वाट बघत होती. पोस्टात काम करणारी, गोलमटोल, बडबडी. "बाई, घोड्याला विचारलंत का, मी झेपेन का म्हणून?" तिने घोड्याच्या पोटाखालून आवळलेल्या तंगाच्या पट्ट्यात बोटं घातली. घोडा लबाड होता, तंग आवळताना पोट फुगवून ठेवायचा आणि मग चार पावलं चालल्यावर श्वास सोडायचा, की खोगीर लागलं एका बाजूला फिरायला. लंबूने त्याला एक चक्कर चालवलं, तिने तंग पुन्हा आवळला. रिकिबीत बुटाच्या बाजूला करंगळी घालून बघितली. खटका बघितला. पुन्हा बघितला. "बाई, लग्नाला एवढं पारखून घेतलं असतं तर," लंबू पुटपुटला, आणि मुलगी खिदळली. लंबू तिला आणि मास्तरांना लग्नाआधीपासून ओळखत होता, त्याला असलं बोलायची मुभा होती.

घोडं चालू लागलं. पाठ ताठ, नजर समोर, टाच खाली... शब्द आपले आपण बाहेर पडत होते. तिचं मन घरी होतं, पलंगाजवळच्या खुर्चीत. उद्या ती खुर्ची कुठे ठेवायची? पलंग काढला की खोली केवढी दिसेल! ती मोकळी खोली डोळ्यांपुढे आणताना तिला इतकं हलकं वाटलं की स्वतःचीच शरम वाटली, आणि त्याच क्षणी घोड्याचा पुढचा पाय मुडपला, मुलगी पुढे, मग बाजूला, डावा पाय रिकिबीत—

"सोड! पाय सोड! सो-ड!"

वादी निसटली. मुलगी वाळूत बसकण मारून, बुटात अडकलेली रिकीब हातात धरून, रडावं की हसावं न कळून दोन्ही करत होती. घोडा थोडा पुढे जाऊन उभा राहिला आणि कुंपणाकडचं गवत हुंगू लागला. काहीच झालं नव्हतं. खटका उघडा होता. ती मात्र अजून कुंपणाला धरून उभी होती.

लंबू रिकीब झटकत आला. "काय हाक आहे बाई तुमची! तीच. मैदानाच्या त्या टोकालाही ऐकू येते. मास्तर ‘काढ’ म्हणायचे, ‘पाय काढ’. ‘सोड’ तुमचं. आम्ही न बघता ओळखायचो, आज कोण शिकवतंय ते."

"काय म्हणालास?"

"काही नाही हो. ते ‘काढ’, तुम्ही ‘सोड’. नेहमीचंच."

नेहमीचंच. इतकं नेहमीचं की तिला कधी ऐकूच आलं नव्हतं. मास्तर ‘काढ’ म्हणायचे. घरातसुद्धा... पंख्यात ओढणी अडकली तेव्हा ‘काढ’, दारात बोट सापडलं तेव्हा ‘काढ, काढ’. सोड त्याच्या तोंडात नव्हतंच. ते तिचं होतं. त्या दिवशी कुंपणाशी उभं राहून, घोडा मैदानभर फिरत असताना, ती जे ओरडत होती ते. त्याचं डोकं वाळूवरून, मग दगडांवरून जात असताना त्याच्या कानात शेवटचं जे गेलं ते. ते आत गेलं आणि मागून दार लागलं. म्हणजे वर्षभर पलंगाशी बसून ती जे समजून घेत होती, ज्याचे अर्थ लावत होती, ज्याच्यावरून नणंदेशी वाद घालत होती, आणि ज्याच्या जोरावर आज सकाळी तिने ठरवून टाकलं होतं, ती तिचीच हाक होती, तिलाच परत आलेली. त्याने काहीच मागितलं नव्हतं. नको म्हटलं नव्हतं, जा म्हटलं नव्हतं. या एका वर्षात तो तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता.

घरी आली तेव्हा नणंद आलेली होती, भावाच्या उशीशी बसून त्याचे केस विंचरत होती. "आलीस? हात धू, मी चहा टाकते," म्हणून ती उठली, पण गेली नाही. दारातच घुटमळली. तिलाही हे सोपं जात नव्हतं. या बाईचा राग करता आला असता तर किती सोयीचं झालं असतं.

ती स्वतः पलंगावर त्याच्या पायांशी बसली. त्याचं पाऊल लोंबू नये म्हणून पट्ट्यांचा एक टणक बूट दिवसभर घातलेला असतो. तिने सवयीने पट्टीत करंगळी घातली. एका बाजूला जागा होती. दुसऱ्या बाजूला नव्हती. व्यायामवाल्या बाईने आज जरा आवळूनच बांधलं होतं. घोट्याशी लाल वळ उठला होता. तो तिच्याकडे बघत होता. बघत होता, की डोळे तिकडे होते एवढंच?

"वहिनी, काय सांगू मग घरी? उद्या गाडी बोलवू?"

"सोड," तो म्हणाला.

"ऐकलंस?" नणंद दारातून म्हणाली. "अजून काय बोलायला हवं त्याने?"

आणि या वेळी तिला ते स्वच्छ ऐकू आलं. शब्दाच्या शेवटी आवाज जरा वर चढतो, चिरकतो... तिचाच चढतो तसा. आतापर्यंत ऐकलं कसं नाही मी हे? ती पुढे वाकली, नणंदेला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "काढ. काढ म्हण ना. एकदा काढ म्हण, मी करते तू म्हणशील ते." त्याचे ओठ हलले. किती वेळ ते ओठ नुसतेच एकमेकांवर घासत राहिले.

"सोड."

आता तिला नणंदेला सांगता आलं असतं, हा त्याचा शब्द नव्हे म्हणून. पण मग त्याचा शब्द कुठला? तो नाहीच, हे सांगायचं? म्हणजे त्याला पाठवलं तर मी पाठवलं, ठेवलं तर मी ठेवलं; दोन्हींकडे तो नाही. आत्तापर्यंत वाटत होतं, त्याचा पाय अडकलाय आणि मी कुंपणाशी उभी आहे; आता कळत होतं, अडकलेली मीही आहे. सकाळी ती मोकळी खोली दिसली होती ना, पलंगाशिवायची, ती आताही दिसत होती; पण आता तिच्यात हलकं काही नव्हतं, आणि ती त्याच खोलीत बसलेली होती, पलंग असताना.

"वहिनी?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तसंच ठेवलं. हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय, आवाज तोच येणार होता, आत्ता पलंगावरून आला तो. या खोलीत माणसं दोन होती आणि आवाज एकच उरला होता. तिची करंगळी अजून पट्टीत होती. ती काढायला हवी हे तिला कळत होतं.