आईची उत्तरं

वडील गेले आणि घरातली उरलेली तीन माणसं तीन दिशांना गप्प झाली. ती शांतता मोडायला थोरलीने जे केलं ते तिच्या पेशाला धरूनच होतं : तिने घरच्यांसाठी स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला. रंगाच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षं हेच काम करत आली होती. शेकडो माणसांची पत्रं पोचती करायची, वाटेत अडकली तर सोडवायची, आणि कुणाचंही उघडून बघायचं नाही. घरचा सर्व्हर म्हणजे अडगळीच्या खोलीतला एक जुना संगणक. आडनावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, घेऊन तिने तीन खाती उघडली : आईचं, परदेशी असलेल्या धाकट्या भावाचं आणि स्वतःचं. सुरुवातीला तिथून बाहेर गेलेली पत्रं लोकांच्या स्पॅममध्येच जाऊन पडत. "नव्या सर्व्हरकडे जग नव्या सुनेसारखं बघतं," ती धाकट्याला फोनवर म्हणाली होती, "थोडे दिवस खाली मान घालून वागावं लागतं, मग किल्ल्या हातात येतात."

आई शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. टेलिफोन ऑफिसात तिने आयुष्यभर परक्यांची बोलणी जोडून दिली होती, पण स्वतः मात्र मोजूनमापून बोलणारी. थोरलीने तिच्याकडे संगणक मांडून दिला, दोनचार वेळा शिकवलं आणि मनातून आशा सोडून दिली. तर आईचं पत्र आलं, आणि मग येतच राहिलं. 'बरं, ठेवते' यापुढे फोनवर जिची गाडी जात नसे ती बाई पानंच्या पानं लिहू लागली, विचारपूस करू लागली, चक्क थट्टाही करू लागली. वडिलांच्या शेवटच्या पहाटेबद्दलही तिने लिहिलं. खोलीत ती एकटीच होती; त्यांनी थोरलीला हाक मारायला सांगितलं आणि लगेच म्हणाले, नको, झोपू दे तिला. ते वाचून थोरली ऑफिसच्या जिन्यात जाऊन पोटभर रडली. बहीणभावांतला दुरावाही त्या पत्रांनीच संपवला.

कुठलाही सर्व्हर उभा राहिला की जगभरचे भामटे त्याचे पासवर्ड चाचपून बघतात. म्हणून झोपण्यापूर्वी कडी तपासावी तशी थोरली अधूनमधून नोंदी चाळायची : कोण, कुठून, कुठल्या खात्यात आलं. अशाच एका रविवारी तिला दिसलं की आईचं खातं दोन ठिकाणांहून उघडलं जातंय. एक आईचं घर. दुसरं ठिकाण त्याच शहरातलं, पण कुठलं ते कळायला मार्ग नव्हता. इंटरनेट कंपनीने हात झटकले. पासवर्ड चाचपल्याच्या खुणा नव्हत्या. जो कोणी येत होता तो घरच्यासारखा सरळ आत येत होता.

पासवर्ड आईला ठाऊक होता, तिला स्वतःला ठाऊक होता, आणि एकदा आईची अडचण सोडवताना धाकट्याने मागून घेतला होता. थोरलीच्या डोक्यात किडा शिरला. इथल्या कुणा मित्राकरवी तो आईचं खातं उघडत असेल तर?

"तू आईचे मेल वाचतोस का?" तिने फोनवर सरळच विचारलं.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मग दुसरं कोण वाचणार?"

"सर्व्हर तुझ्या घरात आहे," तो म्हणाला. "सगळ्यांच्या मनात डोकावायची सोय तुझी आहे, माझी नाही." आणि त्याने फोन ठेवला.

तो शब्द तिला लागला. पण पाल एकदा चुकचुकली की चुकचुकतच राहते. तिने जुन्या नोंदी काढल्या आणि पत्रं न उघडता नुसत्या येण्याजाण्याकडे पाहत बसली. तेव्हा ध्यानात आलं ते अगदी साधं होतं, आणि तरीही तिने ते पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. आईच्या घरून खातं रोज दुपारी उघडत होतं, सगळी पत्रं वाचली जात होती, पण तिथून आजवर एकही पत्र गेलेलं नव्हतं. झाडून सगळी उत्तरं त्या दुसऱ्या ठिकाणाहून आलेली होती.

त्या दुसऱ्या ठिकाणाहून खात्यात शिरायचं दार तिने बंद केलं. आईची पत्रं थांबली.

चार दिवस वाट पाहून ती आईकडे गेली. आईने दार उघडलं, क्षणभर तिच्याकडे निरखून पाहिलं, आणि मग "ये" म्हणाली. संगणक खिडकीशी होता, स्वच्छ पुसलेला. आईने चहा टाकला.

"आई, मेल कोण लिहितं तुझे?"

"मी नाही बाई लिहीत. मला कुठलं जमायला?" आई सहज म्हणाली. "मी नुसती वाचते. तुमचं आलेलं वाचायचं, मग खाली बघावं तर उत्तर गेलेलं असतं. मला वाटलं, तूच तशी सोय केलीयेस."

"अशी सोय नसते, आई."

"नसते?" आईने कप पुढे सरकवला. "असेल मग काहीतरी. पण लिहिलेलं असतं छान. तुम्ही दोघं मला त्या पत्रांतूनच कळलात."

थोरलीने कपाला हात लावला नाही. "बाबांच्या पहाटेचं?" तिने विचारलं. "झोपू दे तिला, असं म्हणाले होते ते?"

आई चहाकडे बघत राहिली. "तसं लिहिलंय ना तिथे," ती म्हणाली. "म्हणजे म्हणाले असतील."

"असतील? तूच होतीस ना खोलीत?"

आई कप उचलून आत ठेवून आली. थोरली निघाली तेव्हा मात्र तिने तिचं मनगट धरलं. एवढं घट्ट तिने पूर्वी कधी धरल्याचं थोरलीला आठवेना. "ते बंद केलंस, चांगलं केलंस. आता पुन्हा उघडू नकोस."

"मी बंद केलं, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे?" आई म्हणाली आणि हसली. ते हसू प्रेमळ होतं, आणि जिना उतरताना थोरलीला तेच खुपत राहिलं.

दोन दिवस तिने कसेबसे काढले. धाकट्याला फोन लावला, तो त्याने उचलला नाही. तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, अडगळीच्या खोलीत उभ्याउभ्याच तिने ते बंद केलेलं दार उघडलं आणि शेजारीच नोंदींची खिडकी लावून ठेवली. फार थांबावं लागलं नाही. त्या दुसऱ्या ठिकाणाहून आईचं खातं उघडलं आणि पत्र आलं. या खेपेला पानं नव्हती.

'तिकडे माझ्या घरी जाऊन आलीस ना? तिने दार उघडलं, तेव्हा तुला काहीच वाटलं नाही का गं?'

थोरलीने नोंदींकडे पाहिलं. आईच्या घरूनही कुणीतरी आत आलं होतं. पाठवलेल्या पत्रांतलं हेच शेवटचं पत्र तिथे उघडलेलं होतं, आणि ती जोडणी कितीतरी वेळ तुटली नाही.